खुडूक काबरी आणि हिरूचा हात

दोन हजार तेवीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. दिवाळी होऊन गेली होती. आमच्याकडे कापायला आता भात नाही, भाताला शेत नाही, तरी त्या दिवसांत सकाळी दार उघडलं की नाकाला पेंढ्याचा वास येतो. कुठून येतो ते मला विचारू नका. आचोळ्यात आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना बिल्डिंगी उभ्या आहेत आणि कुठल्याच बिल्डिंगीत कोणी पेंढा ठेवत नाही. चौथ्या बाजूला आमचं परसदार. तिथं एक शेवगा, धुण्याचा दगड आणि कोंबड्यांचं खुराडं. त्याच दिवसांत माझी काबरी खुडूक झाली.

ज्यानं खुडूक कोंबडी पाहिली नाही त्याला सांगतो. कोंबडी अंडी घालता घालता एक दिवस थांबते आणि बसून राहते. अंग फुगवून दुप्पट होते. रोजचा कलकलाट सोडते आणि घशातल्या घशात कुर्र कुर्र करते, म्हाताऱ्या बाईनं कोणाला तरी मनात शिव्या द्याव्यात तशी. पोटाची पिसं स्वतःच्या चोचीनं उपटते, अंड्याला कातडीची ऊब मिळावी म्हणून. हात लावला तर हाताला चटका बसावा इतकं तिचं अंग तापलेलं असतं. मी हात घातला आणि तिनं अंगठ्याच्या मुळाशी चोच मारली. रक्त आलं. मला राग आला नाही. आनंद झाला. म्हटलं, आता हिला मी बसवणार. माझ्या हातानं.

त्यात काय मोठं, असं वाटेल. पण आमच्या घरात माझ्या हातानं बसवलेली एकही कोंबडी कधी पिल्लं घेऊन उठली नव्हती. माझी बायको होती तोवर सगळ्या खुडूक कोंबड्या तिनं बसवल्या. दोन वर्षांमागं ती गेली. त्याआधी आई बसवायची. आणि आई बसवायची म्हणजे खरं तर माझी धाकटी बहीण हिरू बसवायची.

आईची ती संध्याकाळ मला अजून दिसते. दिवेलागण व्हायची. खाडीकडचा वारा मिठागरांवरून यायचा, ओठ खारट व्हायचे. आई जुनी बांबूची पाटी शेणानं सारवून उन्हात सुकवून ठेवायची. तिच्यात तळाला भाताचं तूस, वर पेंढा, पेंढ्याला हाताच्या मुठीनं खळगा. कोपऱ्यात एक गंजका खिळा आणि कोळशाचा तुकडा. आभाळ गडगडलं तर अंड्यातला जीव दचकतो, लोखंड असलं की दचकत नाही, असं ती म्हणायची. अंडी तिच्या पदरात. एकेक अंडं ती गालाला लावून बघायची. मग त्यावर कोळशानं रेघ. दुसऱ्या एखाद्या कोंबडीनं मागाहून येऊन त्यात अंडं घातलं तर ओळखता यावं म्हणून ती रेघ.

एवढं सगळं झालं की आई हाक मारायची, "हिरू, ये गो. हात लाव."

मी तिथंच उभा असायचो. पाटी मी आणलेली, तूस मी आणलेलं, गिरणीवरून डोक्यावर. पण अंडी ठेवायला हात हिरूचा. तिच्या हाताला यश आहे असं आईनं एकदा ठरवलं आणि मग ते गावानं ठरवलं. कोणाच्या घरी कोंबडी खुडूक झाली की हिरूला बोलावणं यायचं. ती फ्रॉकला हात पुसत, मोठ्या बाईसारखी जायची आणि येताना तिच्या हातात गुळाचा खडा असायचा. कधी तो ती मला अर्धा द्यायची. मी तो खायचो आणि मनात जळायचो. गूळ कडू लागत नाही हे खोटं आहे.

एका वर्षी मी हट्टच धरला. वैशाख होता, एकदम दोन कोंबड्या खुडूक झाल्या होत्या. एक हिरूनं बसवायची, तर दुसरी मी बसवणार. जमिनीवर लोळलो, दोन वेळा जेवलो नाही. शेवटी आई म्हणाली, "लाव बाबा, तुझा पन हात लाव." मी अंडी ठेवली. तो अंड्यांचा थंड गुळगुळीत स्पर्श, पेंढ्यात ठेवताना होणारा अगदी बारीक आवाज, आणि कोंबडीनं पोटाखाली एकेक ओढून घेतलेलं अंडं. मी रोज उठून आधी तिथं जायचो. हिरूच्या कोंबडीखाली पिल्लं चिवचिवायला लागली. त्या दिवशी हिरूच्या ओंजळीत ओली पिल्लं होती, रव्याच्या लाडवांएवढी. माझ्या कोंबडीखाली काहीच नाही. आईनं आणखी थोडे दिवस वाट पाहिली, मग माझी अंडी बांधावर नेऊन फोडली. आत नुसतं पिवळं पाणी. आणि ती बिचारी कोंबडी रिकाम्या पाटीवरून उठेना म्हणून आईनं तिला तळ्यात बुडवून काढली, डोकं थंड व्हायला. मला वाटलं मलाच बुडवलं.

तेव्हापासून मी अंड्याला हात लावला नाही. लग्नानंतर बायको विचारायची, "तुम्ही ठेवता का?" मी म्हणायचो, "ते बायकांचं काम."

हिरूचं लग्न विरारला मनवेलपाड्यात झालं. तिची पाठवणी झाली त्या दिवशी आईनं तिच्या कपड्यांच्या ट्रंकेशेजारी एक डालगं ठेवलं. त्यात खुडूक कोंबडी, अंड्यांसकट. नवरी निघाली, मागून कोंबडी निघाली. लोक हसले. मी हसलो नाही. घरातली सगळ्यात चांगली कोंबडी होती ती, करड्या रंगावर पांढरे ठिपके. पुढं हिरूच्या चाळीमागं कोंबड्यांचा बाजार भरायचा. आता तिथं बिल्डिंग झाली आहे आणि हिरू चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरीत तुळस आहे, कोंबडी नाही. मला वाटलं, चला, आता कोंबड्याही माझ्याकडे आणि हातही माझा.

काबरीखाली मी अंडी ठेवली. पाटी सारवायला शेण मिळालं नाही, म्हणून प्लॅस्टिकचं घमेलं घेतलं. तूस मिळालं नाही, सुताराकडचा भुसा आणला. खिळा मात्र ठेवला. प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ ओढली, वाकडीतिकडी आली. माझी रेघ तिसरीतही सरळ येत नव्हती, मास्तरांनी त्यापायी छड्या मारल्या आहेत.

सून म्हणाली, "आबा, मशीन मिळतं, अंडी उबवायचं. मोबाइलवरून मागवू?"

म्हटलं, "मग काबरीनं काय करावं? टीव्ही बघावा?"

आठवडाभरानं हिरू आली. तिला कोणी सांगितलं ते ठाऊक नाही, सुनेनंच सांगितलं असणार. तिनं पायांतली चप्पल काढली नाही तोच विचारलं, "कोंबडा कोनचा हाय?"

मी खुराड्यावर बसलेल्या माझ्या कोंबड्याकडे बोट दाखवलं. त्याचं नाव सरपंच. गाव महापालिकेत गेल्यापासून गावाला सरपंच राहिला नाही, तो माझ्या परसदारात राहिला. मोठा देह, लाल तुरा एका बाजूला कललेला, शेपटी काळी आणि हिरवी चमकणारी. आरवला तर तिसऱ्या बिल्डिंगीतले लोक खिडक्या लावतात.

"तो?" हिरू म्हणाली. "तो तर वैनीच्या वेलचा. म्हातारा झाला, दादूस. त्याच्यानं काय व्हतंय आता?"

"त्याच्यानं सगलं व्हतंय. तुला काय ठाव?"

"चढतंय तरी का कोंबड्यांवर?"

"ते मी बघत बसत नाय."

तिनं वाकून काबरीखालचं एक अंडं काढलं. काबरीनं तिला चोच मारली नाही. ऐका नीट. जी काबरी माझ्या ताटातला भात खाते, जिला मी मांजरापासून वाचवलं, तिनं माझ्या हाताचं रक्त काढलं. आणि या बाईचा हात, पावडरीचा वास येणारा, वर्षा-सहा महिन्यांनी येणारा, त्याला तिनं पंख उचलून वाट दिली. घशात मऊ आवाजही केला. मी तोंड दुसरीकडे वळवलं.

पडवीच्या कौलात एक फट आहे, दुपारी तिथून उन्हाची काठी उतरते. हिरूनं दार लोटून अंधार केला आणि अंडं त्या काठीत धरलं, मुठीच्या पोकळीत. "ये, बघ," म्हणाली. मी गेलो. अंडं आतून दिव्यासारखं उजळलं होतं, सगळीकडे एकसारखं, स्वच्छ.

"जीव असता तर लाल शिरा दिसल्या असत्या. कोळ्याच्या जाल्यासारख्या," ती म्हणाली. "ही नुसती हाईत. खावाची."

"तुझे डोले गेलेत."

"मोतीबिंदू काढलाय मी. तुझ्यापेक्षा बरं दिसतंय मना."

"सगली बघ मग."

तिनं सगळी बघितली. सगळी दिव्यासारखी. मी म्हटलं थंडी आहे, म्हणून उशीर. मी म्हटलं शेजारच्या बिल्डिंगीत ड्रिल चालतं, त्यानं शिरा दचकल्या असतील. हिरू हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. तिनं अंडी परत जागेवर ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. हातात जड पिशवी, वर केळ्यांचा घड आणि शेवंतीची पुडी. निर्मळला गेली होती म्हणाली, मैत्रिणीच्या वाडीत. पडवीभर फुलांचा आणि ओल्या मातीचा वास झाला. क्षणभर मला आमचं जुनं परसदार दिसलं, त्यातली अबोलीची रांग, आई "तीऽ तीऽ तीऽ" करत कण्या टाकते आहे, आभाळात घार फिरते आहे आणि गल्लीतल्या सगळ्या बायका एकदम ओरडतात. घारीलाही आमच्याकडे काही घ्यायला यावंसं वाटायचं तेव्हा.

"चाय टाक ना, दादूस," हिरू म्हणाली. मी आत गेलो, चहा टाकला. बाहेर आलो तेव्हा ती काबरीशेजारी बसून तिच्या मानेवरून बोट फिरवत होती.

"काल भांडत होतीस, आता माया आली?"

"बसलीय तर बसू दे तिला," ती म्हणाली. "उठवू नको."

तीन आठवडे झाले. काही नाही. मुलगा ऑफिसला जाताना रोज परसदारात डोकावायचा आणि घड्याळाकडे पाहून निघायचा. एकदा म्हणाला, "आबा, वास मारेल. फेकून देऊ या." मी म्हटलं, "तुझ्या आईनं कधी फेकली होती?" तो बूट घालून निघाला. पण मलाही कळत होतं. काबरीचा तुरा फिका पडला होता, छातीचं हाड हाताला लागत होतं. ती दिवसातून एकदा उठायची, घाईघाईनं दाणे टिपायची, पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची. रिकाम्या अंड्यांवर कोणी इतकं बसू नये. मी हिरूला फोन केला. कशासाठी केला ते मलाच ठाऊक नाही. म्हटलं, "तुझंच खरं. उद्या फोडतो."

"फोडशील तर बघ," ती एकदम म्हणाली. "थांब अजून."

जिनं अंडी नुसती ठरवली तीच थांब म्हणाली, याचा मी विचार केला नाही. मला वाटलं, हार मानली हिनं.

आणि मग, आणखी आठवडाभरानं, एका सकाळी मी घमेल्याला कान लावला आणि आतून टकटक ऐकली. सांगता येत नाही तो आवाज कसा असतो. नखानं शाळेच्या पाटीवर हलकं वाजवावं तसा, पण नख नाही, चोच, आणि चोच म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. काबरी खाली मान करून त्या आवाजाशी बोलत होती. मीही बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

दुपारपर्यंत पिल्लं निघाली. मी मुलाला ऑफिसात फोन केला, सुनेला फोन केला, हिरूला केला. कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या फ्लॅटवाल्या बाई मोबाइल घेऊन आल्या, त्यांना मी म्हटलं, "काढा फोटो, काढा. हा बाप बघा यांचा." सरपंचाला काखेत धरून फोटोत उभा केला. लोकांना सांगितलं की मशीन लागत नाही, हात लागतो. संध्याकाळी हिरू आली तेव्हा परसदारात बरीच माणसं होती आणि मी बोलत होतो.

तेव्हा फ्लॅटवाल्या बाई म्हणाल्या, "काका, यांची मान अशी का हो? आजारी आहेत का?"

मी वाकून बघितलं. पिल्लं सुकली होती, कापसासारखी फुलली होती. पण त्यांतल्या चौघांच्या मानेवर लव नव्हती. लाल, बोडकी मान, छातीपासून डोक्यापर्यंत. बोडक्या मानेच्या कोंबड्यांची जात असते, आई नाहीतर बाप तसा असला तरच पिल्लू तसं निघतं. माझ्या परसदारात तशी एक कोंबडी नाही आणि सरपंच तर मानेवर शाल पांघरल्यासारखा. मी पिल्लाकडे बघितलं, सरपंचाकडे बघितलं, आणि तोंडातलं बोलणं तसंच राहिलं. लोक वाट बघत होते.

"आयची ती लाल कोंबडी नव्हती का," हिरू मागून म्हणाली, "बोडक्या मानेची? कुठंतरी येतंय ते पुन्हा. काय दादूस?"

आईकडे तशी कोंबडी कधीच नव्हती. आईची प्रत्येक कोंबडी मला पाठ आहे.

"होती," मी म्हटलं.

माणसं गेली. हिरू धुण्याच्या दगडावर बसली. मी विचारलं, "कोनाचा?"

"काय कोनाचा?"

"कोंबडा गो. बोडका."

ती पदराला लागलेला भुसा काढत राहिली. "रोजीबायचा. निर्मळच्या. तू चाय टाकायला गेलास तेव्हा अंडी बदलली. रेघा पन मारल्या कोलशाच्या."

तेव्हा मला आठवलं की नंतर मी बघितलेल्या अंड्यांवरच्या रेघा सरळ होत्या.

"आनि माझी?"

"भुर्जी केली. नुसतीच होती, त्यांना काय झालंय. नातवानी खाल्ली, चांगली लागली म्हनाला."

मी म्हटलं, "म्हंजे माझ्या हाताला तेव्हा पन यश नव्हतं आनि आता पन नाय."

"तुझ्या हाताला काय झालंय?" हिरू चिडली. "तेव्हा पन काय झालं नव्हतं. आपला कोंबडा चैत्रात गावदेवीला दिला होता, ठाव हाय ना? कोंबडा गेला की कोंबडी थोडे दिवस पिलांची अंडी देते, मग नुसती. तू वैशाखात घर डोक्यावर घेतलंस. आयनी पिलांची अंडी मावशीकडून आनलेली, ती माझ्या पाटीत. तुला खावाची दिली. तू काय गप बसत होतास?"

"आयला ठाव होतं?"

"आयला नाय तर कोनाला?"

"आनि तुला?"

"मीच तर काढून दिली तुला. फडतालातून."

अंधार पडत होता. काबरीच्या पंखाखालून पिल्लं झोपेत आवाज करत होती. मला वाटलं होतं की माझ्या हातात खोट नव्हती हे ऐकून काहीतरी हलकं होईल. झालं नाही. मी आयुष्यभर हिरूच्या हाताचा हेवा केला होता. आता कळलं की हाताचा नव्हता करायचा. त्या दोघींना ठाऊक होतं, आई आणि ही, फडताळापाशी उभं राहून दोघींनी हळू आवाजात काहीतरी ठरवलं होतं आणि मी बाहेर अंगणात लोळत होतो. तो फडताळाजवळचा कोपरा मला हवा होता. तिथला आईचा हळू आवाज हवा होता. तो हिरूनं ऐकला आणि इतकी वर्षं जपून ठेवला, गुळाच्या खड्यासारखा.

"एवढी वर्षं बोलली नाहीस."

"बोलले असते तर काय केलं असतंस?"

"भांडलो असतो."

"तेच," ती म्हणाली आणि उठली. जाताना घमेल्यात वाकली आणि पिल्लांना हात न लावता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, काबरीला कण्या टाकल्या आणि निघालो. रिक्षा, मग पश्चिमेची बस, निर्मळ. केळीच्या वाड्या दवानं भिजलेल्या होत्या. सायकलींवर फुलांच्या टोपल्या चालल्या होत्या. रोजीबायची वाडी विचारत विचारत सापडली. कुंपणाशी उभा राहिलो आणि बघितला. तांबडा, बारका, लाल मान ताठ, अंगानं सरपंचाच्या निम्माही नाही. तुरासुद्धा बेताचा. मला बरं वाटलं. मग त्याला पालापाचोळ्यात एक किडा सापडला. त्यानं तो खाल्ला नाही. चोचीत धरला, खाली ठेवला, बारीक आवाजात कोंबड्यांना हाक मारली, आणि त्या धावत आल्या. सरपंचाला असं करताना मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवून बघितलं. आठवलं नाही.

"काय पायजे, बाबा?" आतून एक पांढऱ्या केसांची बाई आली. "कोंबडा विकायचा नाय तो."

"विकत नको. नुसता बघायचा होता. मी आचोळ्याचा. हिराबायचा भाव."

"अरे!" तिनं हात पुसले. "निघाली का पिल्लं? या ना, बसा. हिराबायला सांगा, आणखी लागली तर ठेवते बाजूला. दुसरी झाली का खुडूक?"

"व्हायची हाय. पन आताच सांगून ठेवतो." मी कुंपणावरचा हात काढला, सदरा नीट केला. "ती आली तर तिला फुलं द्या, केली द्या, काय ते द्या. अंडी मात्र मलाच द्यायची. मी येईन न्यायला."

रोजीबाय माझ्याकडे बघत राहिली, मग वळून कोंबड्यांकडे गेली. तिनं पेंढ्यातून एक अंडं उचललं, गालाला लावून बघितलं आणि माझ्यापुढं धरलं. ते गरम होतं.